पुण्यात घरच्या अलार्मची कामं सबकाँट्रॅक्टवर घ्यायचीत? मग आधी हे वाचा

नऊ वर्षं झाली मला ह्या लाइनमध्ये. वाकड-हिंजवडीचे टॉवर, कोथरूड-सहकारनगरचे जुने बंगले, पेठेतले उरलेसुरले वाडे, सगळीकडे घरफोडीचे अलार्म बसवलेत आणि जवळजवळ सगळं काम दुसऱ्याच्या नावावर, म्हणजे गिऱ्हाईक डीलरचं, माल डीलरचा, भिंतीला भोक पाडणारा मी. मे महिन्यात आणि दिवाळीच्या आधी लोकांना गावाला जायचं असतं, घर बंद राहणार म्हणून कामं एकदम वाढतात, आणि त्या दिवसांत कोणीतरी नवीन पोरगा विचारतोच की दादा यात सुटतं का काही. सुटतं. पण जे काय सुटतं ते पहिल्या चकरेत, दुसरी चक्कर तुमच्या खिशातनं जाते.

हिशोबच मांडतो, आकडे फक्त समजण्यासाठी धरा. समजा एका टूबीएचकेचं लेबर ३५०० ठरलं, काम दोन दिवसांचं. एक दिवस हेल्पर घेतला त्याचे ८००, गिट्ट्या (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात बसवतात त्या), स्क्रू, टेप, वायर झाकायची केसिंग पट्टी, एखादं बिट तुटलं असे ४००, पेट्रोल-पार्किंग २००. हातात राहिले २१००, म्हणजे दिवसाला १०५०. आता पुढच्या आठवड्यात फोन आला की रात्री आपोआप वाजतोय. गेलात, अर्धा दिवस गेला, दीडशेचं पेट्रोल गेलं. अशा दोन चकरा झाल्या की १८०० रुपये आणि तीन दिवस, दिवसाला ६०० वर आलात, त्यापेक्षा दुसऱ्याकडे हेल्पर म्हणून गेला असता तर जास्त मिळाले असते. म्हणून खाली जे जे सांगतोय ते सगळं दुसरी चक्कर वाचवण्यासाठी आहे असं समजूनच वाचा.

आधी हात बसू द्या

आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन केलं असेल, औंधला किंवा कुठेही, तर उत्तम, पाया तयार असतो. नसेल तरी चालतं, पण मग निदान सहा महिने कोणाच्या तरी हाताखाली काढा. सेन्सरची बाजू सगळी १२ व्होल्ट डीसीची आहे, तिथे जिवाला धोका नाही, पण पॅनलला, म्हणजे सगळे सेन्सर जिथे जोडतात त्या मुख्य डब्याला, २३० व्होल्टचा सप्लाय लागतो आणि तो पॉइंट नसेल तर तो लायसनवाल्या वायरमनकडूनच काढून घ्या. आपण टेपने चिकटवून दिलेलं कनेक्शन उद्या तापलं तर ते घर आपल्या नावावर जळतं. मल्टीमीटर वापरता आला पाहिजे, नुसता टेस्टर नाही.

कागदपत्रं, यात दोन दिवस घाला आणि मोकळे व्हा

तुम्ही नोकर नाही हे लक्षात घ्या. पीएफ नाही, ईएसआय नाही, पगारी सुट्टी नाही, शिडीवरून पडलात तर दवाखाना तुमचा. त्यामुळे सगळ्यात आधी बँकेतून तो वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू करा, अपघाती मृत्यूला २ लाखांचा असतो, आणि जमेल तशी वेगळी अपघात पॉलिसी काढा कारण दोन लाखात आजकाल काही होत नाही. मग शॉप ॲक्ट, महाराष्ट्रात एक-दोन माणसांचंच काम असेल तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, पावती मिळते. मग उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, हे सरकारी पोर्टलवर एकदम फुकट आहे, कोणी एजंट दोन हजार मागत असेल तर देऊ नका. उद्यमचा खरा फायदा पैसे अडकल्यावर कळतो, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला समोरचा कायद्याने बांधील असतो, करार नसेल तर १५ दिवसांत, आणि नाहीच दिले तर सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते, व्याजासकट.

जीएसटी सुरुवातीला बहुतेकांना लागत नाही, सेवेच्या कामाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की लागतो. टीडीएसचं मात्र समजून घ्या. एका बिलाचे ३०,००० च्या वर किंवा एकाच पार्टीकडून वर्षात १ लाखाच्या वर गेले की डीलर १ टक्का कापून देतो, तो पैसा बुडलेला नसतो, रिटर्न भरलं आणि टॅक्स बसत नसेल तर परत येतो. पॅन दिला नाही तर तोच २० टक्के कापला जातो, तेव्हा पॅन पहिल्या दिवशीच द्या.

आणि पोलिसांचं कॅरेक्टर सर्टिफिकेट. कोणी मागो न मागो, काढून ठेवा, फाइलमध्ये कॉपी ठेवा. आपण लोकांच्या बेडरूमपर्यंत जातो, कपाट कुठे आहे ते बघतो, घर कधी रिकामं असतं ते आपल्याला कळतं. समोरच्या माणसाला आपली भीती वाटणं बरोबरच आहे.

रेट बोलताना

इथे मी ठेचकाळलोय म्हणून जरा थांबून सांगतो. तिसऱ्या वर्षी एका डीलरची बाणेरमधली अकरा फ्लॅटची कामं घेतली, सगळं तोंडी, "भाऊ आपलं घरचंच आहे" असं म्हणून. रेट पर फ्लॅट ठरलेला, पण प्रत्येक फ्लॅटमध्ये किती पॉइंट, म्हणजे किती जागी सेन्सर, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी चार खिडक्या, एक दरवाजा, दोन मोशन (खोलीतली हालचाल पकडणारे सेन्सर) धरलेले, प्रत्यक्षात कोणाला ड्राय बाल्कनी पण पाहिजे, कोणाला सर्व्हंट टॉयलेटची खिडकी पण पाहिजे, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सोय नाही. शेवटी पैसे मागितले तर म्हणाला एक्स्ट्राचं मला कोणी सांगितलंच नाही. खोटं बोलत होता का, तर नाही, खरंच कोणी सांगितलं नव्हतं. चूक माझी पण होती.

तेव्हापासून रेट पॉइंटवर घेतो, आणि काम चालू करायच्या आधी व्हॉट्सॲपवर साध्या मराठीत एक मेसेज टाकतो, अमुक पत्ता, इतके दरवाजे, इतक्या खिडक्या, इतके मोशन, एक पॅनल, एक हूटर (भोंगा), त्यावरचा प्रत्येक जादा पॉइंट इतके रुपये, ठरल्यापेक्षा जास्त वायर लागली तर मीटरचा हा रेट, पट्टी कोणाची, पार्किंग कोणाचं. खाली लिहायचं "बरोबर असेल तर ओके पाठवा." ओके आल्याशिवाय ड्रिल बाहेर काढायचं नाही. पैशाचे टप्पे पण त्यातच, मी वायरिंग झाल्यावर निम्मे घेतो, चालू करून दिल्यावर बाकीचे, आणि काही डीलर महिनाभर दहा टक्के धरून ठेवतात ते मान्य करतो पण तारीख लिहून घेतो.

दुसऱ्या चकरेचं पण आधीच बोलायचं. माझ्या बसवण्यात चूक असेल तर मी फुकट येणार, कितीही वेळा. मालात फॉल्ट असेल, पॅनलमधल्या सिमचा रिचार्ज संपला असेल, घरच्यांनी फर्निचर हलवून सेन्सर झाकला असेल तर व्हिजिट चार्ज. एवढं एक वाक्य लिहिलेलं असलं ना, तर वर्षाकाठी खूप फरक पडतो.

आणि डीलरच्या गिऱ्हाइकाला आपला नंबर देऊन पुढचं काम परस्पर उचलायचं नाही. पुण्यात ही लाइन छोटी आहे, तपकीर गल्लीत सकाळी माल घ्यायला सगळे एकमेकांना भेटतात, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

हत्यारं

हॅमर ड्रिल चांगलं घ्या, बाकी हळूहळू जमवा. ६ आणि ८ एमएमचे बिट, आरपार जायला एक लांब १२ चा, सहा फुटी शिडी, वायर ओढायची स्प्रिंग, मल्टीमीटर, सोल्डर गन, लेव्हल, टॉर्च, लेबल करायला मार्कर. सोबत जाड कागदाची जुनी पाकिटं ठेवा, भोक पाडायच्या जागेच्या खाली पाकीट उघडं करून टेपने चिकटवायचं, सगळा चुरा त्यात पडतो, खालच्या सोफ्यावर कणभर जात नाही. घरातल्या बाईमाणसाचा विश्वास त्या पाकिटाने जेवढा बसतो तेवढा कशानेच बसत नाही, हे अनुभवाने सांगतो. स्वच्छ मोजे घाला, चपला बाहेर काढायच्या असतात.

साइट बघायला वेगळा दिवस काढा

डीलर म्हणतो बघायचं काय त्यात, डायरेक्ट जा. नाही. अर्धा तास का होईना आधी जाऊन या.

भिंत कसली आहे ते बघा. नवीन टॉवरमध्ये मायवान शटरिंगच्या भिंती असतात, सगळं काँक्रीट, झिरी (वायरसाठी भिंतीत चर) मारता येत नाही, साधं ड्रिल नुसतं गरम होतं, आणि वायरलेस सेन्सर असेल तर तीन भिंतींपलीकडे सिग्नल मरतो. तिथे पॅनल घराच्या मध्याला आणा आणि भोकं पाडायच्या आधी सेन्सर हातात धरून प्रत्येक जागेवरून सिग्नल येतोय का बघा. वाड्यात उलटं, मातीच्या भिंतीत गिट्टी धरतच नाही, तिथे लाकडी चौकटीवर किंवा तुळईवर काम करावं लागतं, वायरलेस बरं पडतं. भिंतीत स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि बाथरूमच्या मागे ड्रिल लावू नका, आत वायर आणि पाइप असतात.

लोखंडी सेफ्टी डोअर असेल तर साधा मॅग्नेट (दार-खिडकी उघडल्याचं कळवणाऱ्या सेन्सरचा) थेट लोखंडावर लावला की त्याची ओढ कमी होते, खाली प्लास्टिकचा स्पेसर द्या नाहीतर लोखंडी दरवाजाचा मोठा मॅग्नेट मागवा. मोबाइल काढून नेटवर्क बघा, आणि पॅनल २जी जीएसएमचा, म्हणजे सिमवरून फोन लावणारा, असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा, जिओकडे २जी नाहीच. वायफायवरचा पॅनल असेल तर राउटर इन्व्हर्टरवर आहे का विचारा, लाइट गेल्यावर पॅनल बॅटरीवर चालू राहील पण राउटर बंद पडला तर फोनवर काहीच येणार नाही.

घरात कुत्रा-मांजर आहे का, रात्री पाणी प्यायला कोण उठतं, कामवाल्या मावशींकडे चावी आहे का, हे सगळं विचारा. आणि सोसायटीच्या गेटवर ड्रिलिंगच्या वेळा विचारून घ्या, दुपारी एक ते चार बऱ्याच ठिकाणी चालत नाही आणि जुन्या सोसायट्यांत तर अजिबात नाही, आजी-आजोबा झोपलेले असतात, त्या वेळात वायर जोडायची कामं करा. गुरुवार टाळता आला तर टाळा, महावितरणची देखभालीची लाइट बहुतेक गुरुवारीच जाते.

बसवताना

वायर २३० च्या पाइपमधून नेऊ नका, वेगळा मार्ग काढा. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नाव लिहा, "किचन खिडकी", "हॉल मोशन", नुसतं १-२-३ नाही, कारण दोन वर्षांनी तुम्हीच विसरता.

नवीन मुलं एक चूक हमखास करतात, एंड ऑफ लाइनचा रेझिस्टर, म्हणजे वायर शाबूत आहे का हे पॅनलला कळावं म्हणून लावायचा छोटा पार्ट, पॅनलमध्येच लावून टाकतात, कारण सोपं पडतं. तो सेन्सरच्या टोकाला लागतो म्हणून तर त्याचं नाव तसं आहे. पॅनलला लावला तर पुढे वायर कुठे शॉर्ट झाली किंवा कोणी केली तरी पॅनलला सगळं ठीकच दिसतं, म्हणजे खिडकी उघडी आणि अलार्म गप्प. किती ओहमचा लावायचा ते प्रत्येक पॅनलचं वेगळं असतं, डब्यातल्या कागदावर असतं, दुसऱ्या कंपनीचा उरलेला लावू नका.

मोशन सेन्सर, म्हणजे पीआयआर. सगळ्यात जास्त चकरा हाच मारायला लावतो. हा उष्णतेतला फरक बघतो, आणि माणूस समोरून आडवा गेला की चांगला पकडतो, सरळ त्याच्या अंगावर चालत आला की उशिरा. म्हणून खोलीच्या कोपऱ्यात, साधारण सात-आठ फुटांवर, असा लावायचा की चोराला आत येताना त्याच्या समोरून आडवंच जावं लागेल. खिडकीकडे, जिथे दुपारचं ऊन येतं तिकडे, तोंड नको. एसीच्या समोर नको, फ्रीजच्या मागच्या गरम हवेवर नको, आणि देवघरासमोर नको, समई तेवत असते, वाऱ्याने पडदा हलतो, रात्री दहाला घर बोंबलायला लागतं.

आता पालीचं सांगतो. कर्वेनगरला एका काकूंकडे बसवला होता, काका गेलेले, मुलगा परदेशात, त्यानेच तिकडून पैसे भरलेले. पावसाळा होता. रात्री अडीचला काकूंचा फोन. गेलो तर काकू दारात शाल घेऊन उभ्या, शेजारचे दोघं जिन्यात, हूटर बंद केलेला पण काकूंचे हात थरथरत होते. मी मोबाइलचा टॉर्च हॉलच्या सेन्सरवर मारला तर लेन्सवर बोटभर पाल, शांत चिकटलेली. सेन्सरच्या अगदी पुढे ट्यूबलाइट होती, ट्यूबलाइटला किडे, किड्यांना पाल. मी पाल हाकलली, सेन्सर नीट पुसला, सांगितलं काकू आता नाही वाजणार. चार दिवसांनी परत वाजला. त्या म्हणाल्या, "अरे बाळा, चोर येईल तेव्हा येईल, ह्याने मी आधी मरेन. बंद करून ठेवते." आणि ठेवला बंद. मुलाने भरलेले सगळे पैसे भिंतीवर नुसते लटकून राहिले. तिसऱ्यांदा जाऊन मी तो सेन्सर दिव्यापासून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात नेला, मागची वायरची भोकं सिलिकॉनने बंद केली, कारण किडे आतून पण शिरतात, आणि काकूंसमोर बसून समजावलं, मग आठवडाभर रोज फोन केला तेव्हा कुठे त्यांनी परत चालू केला. त्या दिवसापासून मी जागा ठरवताना दिवे कुठेत ते पहिलं बघतो. वाजायला नको तेव्हा वाजणारा अलार्म आठवड्यात बंद होतो, आणि बंद अलार्म असलेलं घर बिनाअलार्मच्या घरापेक्षा वाईट, कारण लोक बिनधास्त असतात.

काच फुटल्याचे आणि धक्क्याचे सेन्सर मिरवणुकीच्या रस्त्यावर, लक्ष्मी रोड किंवा टिळक रोडच्या आसपास, जरा विचार करून लावा. गणपतीत ढोल आणि स्पीकरने काचा थरथरतात, दिवाळीत फटाके. तिथे मी सेन्सिटिव्हिटी कमी ठेवतो किंवा मॅग्नेटवरच भागवतो.

गॅस सेन्सर पण त्याच पॅकेजमध्ये असतो बऱ्याचदा. सिलेंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, खाली बसतो, म्हणून सेन्सर जमिनीपासून फूटभर वर. एमएनजीएलचा पाइप गॅस असेल तर तो हलका, वर जातो, म्हणून छतापासून फूटभर खाली. दोन्हीचे सेन्सर पण वेगळे असतात, डब्यावर बघून घ्या. घरच्यांना विचारा की सिलेंडरवरून पाइपवर जाणार आहात का, पुढच्या वर्षी सोसायटीत लाइन आली तर हाच सेन्सर चुकीच्या जागी ठरतो. गॅसचा आणि पॅनिक बटणाचा (अडचणीत दाबायच्या बटणाचा) झोन, म्हणजे पॅनलमधला त्यांचा कप्पा, चोवीस तासवाला ठेवा, अलार्म बंद असला तरी ते दोन चालूच पाहिजेत. म्हातारं माणूस असेल तर पॅनिक बटण पलंगाजवळ आणि एक बाथरूममध्ये खाली, पडल्यावर हात पोचेल असं.

बाहेरचा हूटर उंचावर, वायर खालून आत घ्या आणि आत जायच्या आधी वायरला खाली एक झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून आत न जाता झोळातून ठिबकतं. खिडकीबाहेर लोंबकळून हूटर लावू नका, जागा नसेल तर बाल्कनीत लावा, मी सरळ नाही म्हणतो.

शेवटी बॅटरी. १२ व्होल्ट ७ एएचची असते बहुतेक, तिच्यावर मार्करने तारीख टाका. मग २३० बंद करा, नुसत्या बॅटरीवर हूटर वाजवा आणि सगळ्यात लांबच्या सेन्सरवर मीटर लावून व्होल्टेज बघा. तिथे ११-१२ मिळत असेल तर ठीक, ९-१० पर्यंत पडत असेल तर वायर बारीक आहे किंवा कुठेतरी जोड ढिला आहे, आत्ताच शोधा, नाहीतर पहिल्या लोडशेडिंगला फोन येणार.

चालू करून देताना

प्रत्येक दरवाजा, प्रत्येक खिडकी उघडून, प्रत्येक खोलीत चालून बघा, हेल्पर पॅनलजवळ उभा करून नाव ओरडायला लावा. दरवाजाचा एंट्री डिले, म्हणजे दार उघडल्यावर कोड टाकायला मिळणारा वेळ, घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला धरून ठेवा, तीस सेकंद तरुणाला पुरतात, गुडघे दुखणाऱ्या आजोबांना पंचेचाळीस-साठ लागतात, त्यांना प्रत्यक्ष दारातून कीपॅडपर्यंत चालायला सांगा आणि घड्याळ लावा.

रात्री घरात असताना लावायचा मोड आणि घर बंद करून जातानाचा मोड वेगळा आहे हे घरातल्या प्रत्येकाकडून, मावशींकडून पण, दोनदा करवून घ्या, तुम्ही बटण दाबून दाखवू नका, त्यांना दाबू द्या. कोड त्यांचा त्यांनी टाकायचा, तुम्ही तोंड फिरवा, आणि कंपनीचा फॅक्टरी कोड तर नक्की बदला. फोनवर कोणाला कॉल जाणार त्यात घरचा एक, शेजारी एक आणि जवळ राहणारा एखादा नातेवाईक ठेवा, परदेशातला मुलगा शेवटी, कारण त्याच्या रात्री फोन वाजून उपयोग नाही. ११२ त्यात टाकू नका, तो खरंच काही घडल्यावर माणसाने लावायचा नंबर आहे.

सिमच्या रिचार्जची तारीख पॅनलच्या झाकणाच्या आत लिहा आणि घरातल्या एकाच्या मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून द्या, रिचार्ज संपला की पॅनल फोन लावूच शकत नाही आणि कोणाला कळत पण नाही.

कामाचे फोटो काढा, पॅनल, जोडण्या, प्रत्येक सेन्सर, डीलरला पाठवा, सहीचा कागद घ्या, आणि पैसे जमा झाल्यावर आपल्या फोनमधून ते फोटो उडवा. स्टेटसला तर कधीच टाकू नका, कोणाच्या घरात सेन्सर कुठेय हे दाखवायची गोष्ट नाही. मी एक वही ठेवतो, त्यात फक्त पॅनलचं मॉडेल, रेझिस्टर किती ओहमचा, बॅटरीची तारीख आणि डीलरने दिलेला काम नंबर, पत्ता नाही, नाव नाही. महिन्याने डीलरला सांगून त्या घरी एक फोन करतो आणि एवढंच विचारतो, रोज लावता ना, काही त्रास नाही ना. नाही लावत म्हणाले तर त्या बाजूला पुढचं काम असेल त्या दिवशी दहा मिनिटं वर जाऊन येतो आणि का लावत नाहीत ते बघतो.